तिकिटं की घरचा प्रोजेक्ट?

प्रश्न : सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत अडीच वर्षं जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करते आहे. काम म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरची तिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी) निस्तरणं. नवीन काही करायला मिळत नाही म्हणून घरी चार प्रोजेक्ट सुरू केले. चारही लॉगिनच्या पानाशी अडले. हात बसायला भर कशावर द्यावा? – एक वाचक, इंदूर

उत्तर : लॉगिनपासून सुरुवात करता म्हणून तिथे अडता. ते शेवटी करा, नाहीतर करूच नका.

तिकिटांत शिकण्यासारखं पुष्कळ असतं, ती बंद करायची घाई नडते. समजा, रिपोर्ट चाळीस सेकंद घेतो. टाइमआउट (वाट पाहायची मर्यादा) साठ केला की तिकीट बंद. त्याऐवजी क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) ‘एक्स्प्लेन’ लावून बघा, डेटाबेस माहिती कशी शोधतो ते दिसतं. अख्खं टेबल वाचलं जात असेल, तर अटीत तारखेच्या कॉलमवर ‘इयर’सारखं फंक्शन गुंडाळलंय का ते पाहा. तसं असेल तर साधा इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) सहसा वाया जातो. ‘१ जानेवारीपासून, पुढच्या १ जानेवारीच्या आधीपर्यंत’ अशी अट लिहा. बिघाड केव्हापासून आहे हे कळत नसेल, तर गिट बायसेक्ट चालवा, ते संशयित बदल दर फेरीत निम्मे करत जातं : 1000 कमिटांतला (कोडच्या नोंदवलेल्या बदलांतला) दोषी साधारण 10 फेऱ्यांत सापडतो.

नोकरीत मिळत नाहीत ते पहिले निर्णय. टेबलं कशी पाडायची, हे तिथे कुणीतरी कधीच ठरवून गेलेलं असतं. त्यासाठी घरचा प्रोजेक्ट हवाच, पण वापरणारा माणूस समोर असलेला. कॉलनीच्या गणेशोत्सवाची वर्गणी घ्या. एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस), दोन टेबलं : देणगीदार आणि पावत्या. एवढ्यातही खड्डे आहेत. रक्कम ‘डबल’मध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवू नका, 0.1 + 0.2 चं उत्तर 0.30000000000000004 येतं, रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असेल, तर तो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे : रात्री साडेबाराची पावती आदल्या दिवसात जाते. चुकलेली पावती डिलीट करू नका, ‘रद्द’ अशी खूण करा. मधला नंबर गायब दिसला की खजिनदार तुम्हालाच धरणार! बॅकअप घेता तसा एकदा दुसऱ्या मशीनवर उघडूनही बघा, तोवर त्याला बॅकअप म्हणू नका.

आठवड्याला चार तास पुरेत. हे कंपनीच्या लॅपटॉपवर मात्र करू नका, तिथला कोडही घरी आणू नका. फावल्या वेळात लिहिलेल्या कोडची मालकी कुणाची, याचं कलम नियुक्तीपत्रात असू शकतं. ते आधी वाचून घ्या.