ड्युअल रेग्युलेटरची (दोन स्थिर व्होल्टेज देणाऱ्या चिपची) ३.३ आणि ५ व्होल्टची आउटपुट एकत्र जोडून, एनेबल पिनने (प्रत्येक आउटपुटचं चॅनेल चालू-बंद करणारी पिन) हवं ते चालू ठेवता येईल का?

थेट जोडू नका. बऱ्याच रेग्युलेटरमध्ये चॅनेल बंद झालं की आतला डिस्चार्ज रेझिस्टर आउटपुट ग्राउंडकडे खेचतो. म्हणजे ५ व्होल्ट चालू असताना बंद पडलेलं ३.३ चं चॅनेल करंट पीत बसतं आणि चिप विनाकारण तापते. प्रत्येक आउटपुटवर पाठीला पाठ लावलेले दोन पी-चॅनेल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घाला. कारण एकाच मॉसफेटचा बॉडी डायोड (त्याच्या आतच असलेला, एका दिशेने करंट जाऊ देणारा डायोड) उलटा करंट अडवत नाही. आधी एक बंद, मगच दुसरं चालू.

लोड एकच असेल तर मी ॲडजस्टेबल (व्होल्टेज बदलता येणारा) रेग्युलेटरच घेईन. फीडबॅकच्या (आउटपुट व्होल्टेज ठरवणाऱ्या रेझिस्टर-जोडीतल्या) खालच्या रेझिस्टरला छोट्या एन-चॅनेल मॉसफेटने दुसरा समांतर जोडला की व्होल्टेज वाढतं. या मॉसफेटच्या गेटला (त्याला चालू-बंद करणारी पिन) पुलडाउन (ग्राउंडकडे जोडलेला रेझिस्टर) हवाच, म्हणजे सुरुवात ३.३ वरूनच होईल.