टीव्हीला कसं कळलं?

एप्रिलच्या शेवटी दुपारी दोन वाजता नागपुरात कोणी हौसेने घराबाहेर पडत नाही. पडायचंच असेल तर तोंडाला स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, हातात मोजे. त्यामुळे ती स्कार्फ बांधूनच आत आली याचं मला काही वाटलं नाही. धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत कूलर सुरू होता, ती त्याच्या बरोबर समोर बसली होती, आणि दहा मिनिटं झाली तरी स्कार्फ काही सुटेना. तेव्हा मात्र वाटलं.

तिचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, तुमचा फोन बंद करता का?"

तिने स्वतःचा फोन घरी उशीखाली ठेवला होता. "माझा फोन कोणीतरी पाहून राहिलं," ती म्हणाली. "मी काय शोधते, ते सगळं बाहेर येऊन राहिलं." सेल्फी कॅमेऱ्यावर तिने टिकली चिकटवली होती. फी रोख देणार होती, कारण यूपीआयच्या यादीत माझं नाव दिसलं असतं.

(तिची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दामच दिलेलं नाही.)

वय २७, लग्नाला दोन वर्षं, मानेवाड्याकडे सासर. लग्नाआधीपासून घबराटीच्या आजारावर गोळी सुरू होती. सासरी कोणाला माहीत नव्हतं, नवऱ्यालाही नाही. गोळ्या आई वर्ध्याहून लाडवांच्या डब्यात तळाशी ठेवून पाठवायची. आता घरात बाळाचा विषय निघाला होता आणि तिला एकच प्रश्न छळत होता: ही गोळी गरोदरपणात चालते का? विचारणार कोणाला? मोबाइलला. तेही जपून, इनकॉग्निटो म्हणजे ब्राउजरची खासगी खिडकी उघडून.

आणि एका संध्याकाळी सासूबाईंनी हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब लावलं. वरच्याच रांगेत, प्रवचनाच्या शेजारी, मोठ्या अक्षरात: गरोदरपणात मानसिक आजाराच्या गोळ्या घ्याव्यात का? सासूबाई म्हणाल्या, "आता हे काय नवीन!" आणि रिमोटने पुढे गेल्या. बाकी कोणी काहीच बोललं नाही. ती रात्रभर जागी. दोन दिवसांनी नवऱ्याच्या फोनवर ऑनलाइन समुपदेशनाची जाहिरात दिसली, आणि तिची खात्रीच पटली. मामेभावाने फुकटचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची आपली वाट झाकणारं अॅप, टाकून दिलं. त्याने काही फरक पडला नाही. मग तिने शोधणंच सोडलं, आणि तीन आठवड्यांपासून गोळी स्वतःच्या मनाने अर्धी केली.

या शेवटच्या वाक्याशी मी थांबले. बाकी सगळं नंतर. अशी गोळी मनाने कमी करायची नसते, बंद तर नाहीच. चालू ठेवायची की बदलायची हे मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात, आणि त्यासाठी दिवस जाण्याआधी भेटलेलं उत्तम. तिच्या मनोविकारतज्ज्ञांना तिथूनच, माझ्या फोनवरून, फोन लावला आणि दुसऱ्या दिवसाची वेळ घेतली. "ते सासरी सांगतील का?" तिने विचारलं. नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं २३वं कलम रुग्णाच्या गोपनीयतेचंच आहे. नवरा विचारायला आला तरी तिच्या संमतीशिवाय त्याला काही सांगता येत नाही, फार थोडे अपवाद सोडले तर.

मग स्कार्फ सुटला.

ही भीती घेऊन येणाऱ्यांना मी एक प्रश्न आधी विचारते: कोणापासून लपायचंय? बहुतेकांनी हा विचार केलेलाच नसतो. 'सगळ्यांपासून' असं उत्तर येतं, आणि सगळ्यांपासून लपायच्या नादात माणूस नेमक्या त्या एकापासून लपत नाही. हिलाही विचारलं. बराच वेळ गेला. "गुगलले कळलं तर कळलं जी," ती म्हणाली, "घरी नको कळायला."

बस. यावरून निम्मं काम होतं.

तिला वाटत होतं, इनकॉग्निटो म्हणजे स्कार्फ. बांधला की रस्त्यावर कोणी ओळखत नाही. खरं तर उलटं आहे. इनकॉग्निटोत तुम्ही उघड्या तोंडानेच फिरता. फक्त घरी आल्यावर चपलांची धूळ झटकून आत येता, म्हणजे बाहेर गेला होता हे घरात कळू नये. त्या खिडकीत काय पाहिलं ते खिडकी बंद केल्यावर त्या फोनवर राहत नाही, एवढंच. ज्या साइटवर गेलात तिला तुम्ही दिसता. इंटरनेट देणाऱ्या कंपनीला साइटचं नाव दिसतं (आतलं नेमकं पान सहसा दिसत नाही, कारण आता बहुतेक साइट्स कुलूपबंद असतात). ऑफिसचं किंवा कॉलेजचं वायफाय असेल तर ते चालवणाऱ्यालाही दिसू शकतं. क्रोमची ती काळी खिडकी उघडली की हे सगळं तिथेच लिहिलेलं असतं, वाचतं कोण? अमेरिकेत याच गैरसमजावरून २०२०मध्ये गुगलवर खटला झाला आणि २०२४मध्ये तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. तेव्हा फसलेली ती एकटी नव्हती, हे तिला सांगणं मला गरजेचं वाटलं.

पण टीव्हीचं कोडं इनकॉग्निटोने सुटत नव्हतं. ते सुटलं एका साध्या प्रश्नाने.

"हा फोन घेतला तेव्हा त्यात जीमेल कोणाचं टाकलं?"

"ह्यांचंच. बर्डीवर दुकानात घेतला ना, तर तो दुकानदार म्हणे ईमेल सांगा. ह्यांनी सांगितलं, माझंच टाका, सोपं पडते."

हे मी आजवर किती घरांत ऐकलंय! बायकोचा फोन, आईचा फोन, मुलाचा टॅब, हॉलमधला टीव्ही, आणि खातं एकच. तिने क्रोममध्ये इनकॉग्निटो उघडलं होतं खरं, पण व्हिडिओ पाहिले होते यूट्यूबच्या अॅपमध्ये, नवऱ्याच्या खात्यात. टीव्हीवरही तेच खातं. यूट्यूबला काय माहीत की एका नावामागे चार माणसं आहेत? त्याने इमानदारीने सांगितलं: तुम्ही काल हे पाहत होतात, आज पुढचं पाहा. नवऱ्याच्या फोनवरची जाहिरातही बहुधा त्याच वाटेने आलेली. खाती वेगळी असती तरी थोडी शक्यता उरतेच, कारण एका घरच्या वायफायवरचे सगळे फोन बाहेरून एकाच पत्त्याचे दिसतात आणि जाहिरातवाले त्यावरून कुटुंबाचा अंदाज बांधतात. फोन चोरून ऐकतो अशी तिची समजूत होती. एवढं सगळं आपण हाताने लिहून दिल्यावर त्याला ऐकायची गरजच काय?

व्हीपीएनचं काय? त्याने तुमची वाट वायफायच्या मालकापासून आणि इंटरनेट कंपनीपासून झाकली जाते, पण तीच वाट आता व्हीपीएनवाल्याला दिसते. म्हणजे विश्वास एकावरचा काढून दुसऱ्यावर ठेवायचा. तो दुसरा फुकट सेवा देत असेल तर त्याचं पोट कशावर चालतं, हे विचारून पाहावं. शिवाय भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २०२२च्या एप्रिलमध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायचा आदेश काढला. त्यावर काही मोठ्या परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हरच हलवले. टॉर ब्राउजर याहून पक्का: तुमची मागणी तीन ठिकाणांहून फिरवून नेतो, आणि त्या तिघांपैकी एकालाही सुरुवात आणि शेवट दोन्ही माहीत नसतात. पत्रकाराला, तक्रार करणाऱ्याला तो लागतो. पण हिच्या घरात? पुढच्या दाराला तीन कुलपं आणि न्हाणीघराकडचं दार सताड उघडं. फोनमध्ये टॉरचं ते कांद्याचं चित्र दिसलं असतं तर नवऱ्याने पहिला प्रश्न त्याचाच विचारला असता.

दुसऱ्या भेटीला ती आली ती चिडून. आणि चूक माझी होती.

आदल्या दिवशी माझ्याकडून नेहमीचा आठवणीचा मेसेज गेला होता: 'उद्या ४ वाजता समुपदेशनाची वेळ आहे.' फोन स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पडलेला, कुलूप लागलेलं, पण मेसेज वरच्या वर दिसत होता. जाऊ पोळ्या लाटत होती. तिने पाहिलं की नाही हे आजही माहीत नाही. मी गोपनीयतेवर तासभर बोलले होते, आणि मीच तिचं गुपित ओट्यावर ठेवलं. माफी मागितली. तेव्हापासून माझ्या मेसेजमध्ये फक्त 'उद्या ४' असतं, आणि पहिल्याच भेटीत विचारते की या नंबरवर मेसेज केलेला चालेल का. कुलूपबंद पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसू नये अशी सोय प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये आहे. ती तिथल्या तिथे तिने करून घेतली, आणि मग टिकली काढून कपाळावर लावली.

त्याच भेटीत तिने ते विचारलं, जे बहुतेक बायका कधीतरी विचारतात. "पण मॅडम, मी लपवून राहिली म्हणजे माझंच चुकते ना? ज्याच्या मनात काही नाही, त्याले कशाला लपवा लागते?"

मी म्हटलं, न्हाणीघराला कडी आपण काय चोरी करायला लावतो का? २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या नवांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. "म्हणजे आपल्या गावच्या माणसानं सांगितलं!" अर्थात तो निकाल मानेवाड्याच्या हॉलमध्ये येऊन रिमोट हिसकावत नाही. आणि खासगी ठेवणं वेगळं, भीतीपोटी दडवणं वेगळं. पहिल्याने माणूस निवांत होतो, दुसऱ्याने लाडवांच्या डब्यात हात घालताना दार वाजलं की दचकतो. तिचं कुठलं होतं ते तिला ठाऊक होतं; मी बोलून दाखवलं नाही.

आम्ही केलं ते अगदी थोडं. तिच्या नावाचं वेगळं खातं. त्याला दुसऱ्याला न सुचणारा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी. यूट्यूबचा पाहिल्याचा इतिहास बंद. गुगलमधल्या नोंदी तीन महिन्यांनी आपोआप पुसल्या जाव्यात अशी सोय. व्हॉट्सअॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून दुसऱ्या कुठे आपलं व्हॉट्सअॅप सुरू आहे का ते पाहिलं, नव्हतं. जुन्या सामायिक खात्यातला इतिहास मात्र मी तिला एकदम पुसू दिला नाही. भरलेली वही एका रात्रीत कोरी झाली तर वहीवाल्याला आधी शंका येते. जिथे घरात मारहाण किंवा पाळत असते तिथे तर हे फारच जपावं लागतं. अशा बाईने त्या फोनवर काहीच बदलू नये, दुसऱ्या सुरक्षित फोनवरून १८१ या महिला हेल्पलाइनला बोलावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही मराठीत बोलतो, फुकट आहे. पण केलेला फोन कॉलच्या यादीत राहतो, तेवढं पुसावं.

थोडं विषयांतर. त्याच महिन्यात मिहानमधल्या एका कंपनीतला मुलगा आला होता. त्याला ईमेल आलं होतं: तू काय पाहत होतास ते आम्ही कॅमेऱ्यातून टिपलंय, बिटकॉइनमध्ये पैसे टाक. खाली त्याचा खराखुरा जुना पासवर्ड. पोरगा दोन दिवस जेवला नव्हता. हा सापळा २०१८पासून जगभर फिरतो आहे. पासवर्ड कुठल्या तरी जुन्या साइटच्या गळतीतला असतो, आणि अशा ईमेलवाल्याकडे व्हिडिओ वगैरे सहसा काही नसतं. पैसे द्यायचे नाहीत, उत्तर द्यायचं नाही, ईमेल जपून ठेवायचं, तो पासवर्ड जिथे जिथे वापरला तिथे बदलायचा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. त्याचं अर्ध्या तासात निपटलं. त्याला ज्याची भीती होती तो चोर त्याला ओळखतही नव्हता. हिला ज्यांची होती, ते रोज एका ताटात जेवणारे होते. म्हणून हिला सहा भेटी लागल्या.

पाचव्या भेटीनंतर तिने नवऱ्याला सांगितलं. मी सुचवलं नव्हतं. तिचं तिने ठरवलं. फुटाळा तलावावर, कणीस खाता खाता. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे ते तू तुझ्यासाठी पाहून राहिली होती?"

त्याने खात्यातला इतिहास महिनाभरापूर्वीच पाहिला होता. नैराश्याची लक्षणं, घबराट का होते, गोळ्या किती वर्षं घ्याव्या लागतात. हिंगण्याच्या कारखान्यात त्याची पाळी बदलली होती, वरिष्ठांशी खटके उडत होते, तो घरी फारसा बोलत नव्हता. त्याने गृहीत धरलं होतं की बायको आपल्यालाच वेडा समजून राहिली. महिनाभर तो तिच्यासमोर मुद्दाम मोठ्याने हसत होता, नॉर्मल दिसायला. आणि ते हसू पाहून ती समजत होती, याला सगळं कळलंय.

हे सांगताना ती माझ्या खुर्चीत हसून हसून दुमडली, मग रडली, मग पुन्हा हसली. गोळीचं डॉक्टरांनी ठीक लावून दिलं होतं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही, आणि कधी सांगायचं ते ती ठरवेल. नवरा आता डॉक्टरांकडे सोबत जातो.

उत्साहाच्या भरात त्याने एक मात्र केलं. घरी जाऊन टीव्हीवरच्या यूट्यूबचा सगळा इतिहास एका दमात पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा आरडाओरडा: "माझे गजानन महाराज कुठं गेले?" रोज पहाटे आपोआप वर येणारी शेगावची आरती गायब, आणि तिच्या जागी कुठल्याशा क्रिकेट सामन्याची क्षणचित्रं. शेवटी सुनेनेच त्यांनाही वेगळं खातं उघडून दिलं.

पासवर्ड त्यांनी स्वतः टाकला. सुनेला म्हणाल्या, "तू तिकडं पाह्य जरा."