प्रोडक्शन सर्व्हरवर लिनक्सचे स्टोरेज ड्रायव्हर भरवशाचे आहेत का?

आहेत, पण ड्रायव्हर कुठून आलाय ते आधी बघा. एनव्हीएमई (वेगवान एसएसडीसाठी), एएचसीआय (साटा डिस्कसाठी) असले कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आतलेच ड्रायव्हर असंख्य मशीनवर रगडून निघालेले असतात, कंपनीच्या साइटवरून वेगळा टाकलेला असेल तर पुढच्या कर्नल अपडेटला तो नव्या कर्नलसाठी बिल्ड (तयार) होईलच असं नाही आणि मग रूट डिस्कच, म्हणजे जिच्यावर सिस्टिम असते तीच, दिसत नाही, बसा बोंबलत.

खरं सांगू का, बऱ्याचदा शिव्या ड्रायव्हरला पडतात आणि भानगड डिस्कची असते. लिनक्समध्ये स्कझी कमांडचा (डिस्कला दिलेल्या आज्ञेचा) टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, डिफॉल्ट ३० सेकंद, घरगुती डिस्क एखादा खराब सेक्टर (डिस्कचा छोटा तुकडा) वाचायला त्याहून जास्त वेळ झटत बसू शकते, तेवढ्यात कर्नल लिंक रिसेट करतो आणि एका सेक्टरपायी अख्खी डिस्क रेडमधून (RAID, अनेक डिस्कची एकत्र जोडणी) बाहेर. डिस्कला टीएलईआर (खराब सेक्टरवर लवकर हार मानायची सोय) नसेल तर टाइमआउट १८० सेकंद करून टाका.

आणि अपडेट आल्या आल्या मारू नका. डिसेंबर २०२३ मध्ये कर्नल ६.१.६४ मध्ये ईएक्सटी४ (लिनक्सची फाइलसिस्टिम, डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) चा डेटा खराब करणारा बग निघाला, डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीला १२.३ च्या इन्स्टॉल करायच्या इमेज थांबवाव्या लागल्या. तो ड्रायव्हर नव्हता, फाइलसिस्टिम होती, पण डेटा गेल्यावर काय फरक पडतो!