केस गळतायत, दोघांचेही!

प्रश्न : माझी डिलिव्हरी होऊन ३ महिने झाले, डोकं धुतलं की बाथरूमच्या जाळीत केसांचा गोळा अडकतो, रडूच येतं. नवऱ्याचंही कपाळ मोठं होत चाललंय. दोघांचं कारण हार्मोन्सच का?

उत्तर : हो, पण दोघांची गोष्ट वेगळीये. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढलेलं असतं त्यामुळे जे केस एरवी गळून गेले असते तेही टिकून राहतात, मग बाळंतपणानंतर ते एकदम उतरतं आणि थांबलेले सगळे केस एकाच वेळी सुटतात, म्हणून तो गोळा दिसतो गं. टक्कल पडणार नाही, घाबरू नकोस. बाळ साधारण वर्षाचं होईपर्यंत बहुतेकींचे केस परत येतात, कपाळाशी बारीक बारीक उभे केस दिसायला लागले की समज नवीन येतायत. वर्षानंतरही भांग रुंदच होत गेला, किंवा फार थकवा असला, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे.

नवऱ्याचं मात्र आपोआप थांबणारं नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनपासून डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन बनतं, आणि ज्यांच्या केसांची मुळं अनुवंशाने त्याला नाजूक असतात त्यांचे केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक उगवतात, शेवटी नुसती लव उरते. शरीरात हार्मोन जास्त असतं असं नाही हं, हा गैरसमज फार आहे. मिनॉक्सिडिल, फिनास्टेराइड या औषधांचा उपयोग होतो पण लवकर सुरू केलं तर, त्यामुळे त्यांना आत्ताच त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठव. आणि त्यांच्या गोळ्या तू चुकूनही घेऊ नकोस.