मैत्रिणीच्या लेकीकडे स्टुटगार्टला जायचंय. पैसे नेमके कुठून काढायचे?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एक वाचक, वय ६१, पतीचं निधन झालेलं, पेन्शन नाही. पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख रुपये, ते ठेवून १४ महिने झालेत. त्याचं दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज आणि एका गाळ्याचं महिना ९,००० भाडं, एवढीच मिळकत. बँकेत ७ टक्क्यांची ४ लाखांची एफडी, ती २५ ऑगस्टला पूर्ण होते. बचत खात्यात १ लाख २० हजार. शेजारची मैत्रीण, वय ६३, निवृत्त शिक्षिका, महिना ४२,००० पेन्शन. तिची मुलगी-जावई जर्मनीत स्टुटगार्टला आहेत. मैत्रीण दोन महिने राहणार, वाचकांनी चार आठवडे यावं असा तिचा आग्रह. जूनमध्ये निघायचं ठरतंय. पोस्टातले पैसे काढू, पर्सनल लोन घेऊ, की मैत्रीण म्हणते तसं "आत्ता मी भरते, तू सावकाश दे" हे मान्य करू? शिवाय तिथूनच दहा दिवसांची स्वित्झर्लंड-पॅरिस टूर, माणशी १ लाख ९० हजार, घ्यावी का?

ताई, जा. पण जूनमध्ये नको, सप्टेंबरमध्ये जा, आणि स्वतःच्या एफडीच्या पैशांवर जा. तुम्ही सुचवलेले तिन्ही मार्ग मला पटत नाहीत.

पोस्टाच्या खात्यातून हवी तेवढीच रक्कम काढता येत नाही. दोन लाख हवे असले तरी पूर्ण १५ लाखांचं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालं आहे आणि दोन व्हायची आहेत, म्हणून मुद्दलातून दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातील. उरलेले पैसे नव्या खात्यात ठेवता येतील, पण त्या दिवशी जो दर असेल त्या दराने, आणि पाच वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाईल. हे खातं म्हणजे तुमचा पगार आहे, त्याला हात लावू नका.

पर्सनल लोनचं गणितच बसत नाही. १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी २ लाख ७ हजार घेतले (हा आकडा कुठून आला ते पुढे आहे), तर हप्ता ९,९०० च्या आसपास येतो. तुमची महिन्याची मिळकत १९,२५० आणि घरखर्च १६,००० तुम्हीच लिहिला आहे. हाती उरतात ३,२५०.

मैत्रिणीच्या पैशांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचं मन तिकडेच ओढ घेतंय असं पत्र वाचून वाटलं. पहिली अडचण व्हिसाची. दोघी बरोबर गेलात तरी अर्ज दोन वेगळे असतात आणि निर्णयही वेगळे होतात. अर्जासोबत बँकेचं स्टेटमेंट जातं. त्यात अर्जाच्या आधी पंधरा दिवस अचानक दोन लाख जमा झालेले दिसले, की हे पैसे उसने आणून दाखवले आहेत अशी शंका येते. पेन्शन नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या अर्जदाराच्या बाबतीत तर ती पटकन येते. दुसरी अडचण आयकराची. मैत्रीण कितीही जिवाभावाची असली तरी कायद्याच्या व्याख्येत ती नातेवाईक नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० पेक्षा जास्त रक्कम भेट मिळाली तर ती सगळीच रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. तुमची मिळकत कमी असल्याने कर कदाचित लागणार नाही, पण उत्पन्नात दाखवावी लागेल. उसने म्हणून घेतले तर २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला मनाई आहे. बँकेतूनच घ्यावी लागेल आणि दोन ओळींचा का होईना, कागद करावा लागेल. तिसरी अडचण फेडण्याची. महिना ३,२५० ने दोन लाख फिटायला पाच वर्षांहून जास्त लागतील. रोज संध्याकाळी जिच्याबरोबर फिरायला जाता तिचं पाच वर्षं देणं लागणं म्हणजे काय, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिचं मन मोठं आहे, म्हणूनच ते असं वापरायला नको.

मैत्रिणीची मुलगी तिकडून तिच्या कार्डावर तिकिटं काढते म्हणाली आहे, तेही टाळा. तिकीट रद्द झालं तर परतावा त्याच कार्डावर जातो, आणि तिचे युरो तुम्ही इथून कसे परत करायचे हा नवा घोळ होतो.

आता खर्च. एका युरोला १०८ रुपये धरले आहेत. तुम्हाला जूनच्या तिकिटाचा ७२,००० भाव मिळाला आहे. सप्टेंबरचा बहुधा कमी असेल, तरी तोच धरतो. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क, फोटो आणि कुरियर मिळून १२,५००. विम्याला ९,०००. फ्रँकफर्ट-स्टुटगार्ट जाण्यायेण्याला ६,५००, नाशिक-मुंबई टॅक्सीचा निम्मा वाटा ४,०००. तिथल्या लोकलच्या प्रवासाला ६,८००. पॅरिस किंवा फ्रान्समधल्याच स्ट्रासबुर्गच्या दोन रात्रींना २७,०००. घरातला वाटा, बाहेरचं खाणं, किरकोळ मिळून ३०० युरो, म्हणजे ३२,४००. गरम कपडे आणि भेटवस्तू १२,०००. बेरीज १ लाख ८२ हजार. त्यावर २५,००० हाताशी ठेवा. असे झाले २ लाख ७ हजार.

एफडीचे मुदतीअखेर ४ लाख २८ हजारांच्या थोडे वर येतील. खर्च जाऊन २ लाख २१ हजार उरतात, त्यात बचत खात्यातले मिळवले की वर्षभराच्या घरखर्चापेक्षा बरंच जास्त शिल्लक राहतं. म्हणून "जा" म्हणतोय. मात्र हे दोन लाख पुन्हा साठवायला तुम्हाला पाच वर्षं लागतील, हे मनाशी पक्कं करून निघा. टूर घेतलीत तर एफडीतले तीस-एक हजारच उरतील, म्हणून टूर नको. तिची गरजही नाही. स्टुटगार्टहून पॅरिसला थेट गाडीने सव्वातीन तास लागतात, स्ट्रासबुर्ग दीड तासाच्या आत आहे, आणि एकाच शेंगेन व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. दोघींत एक खोली घेतली की हॉटेलचं भाडं निम्मं पडतं. परदेशी टूर पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विकतानाच वसूल होणारा आगाऊ कर, कापतात, तोही वाचेल. नुसतं परकीय चलन घेताना वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागत नाही.

जून टाळायचं मुख्य कारण एफडी. आज मोडली तर जितके महिने झाले तितक्याच मुदतीचा दर मिळतो, त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. सप्टेंबरमध्ये गेलात तर यातलं काही होत नाही. बँकेत आजच जाऊन या एफडीला आपोआप नूतनीकरणाची सूचना लावलेली आहे का ते बघा, असेल तर काढून टाका. नाहीतर २६ ऑगस्टला पैसे पुन्हा वर्षभरासाठी अडकलेले दिसतील.

तारखा २ ते २९ सप्टेंबर अशा ठेवा. कारण सांगतो. जर्मनीतलं डॉइचलांडटिकेट जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरोला आहे. त्यावर देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि पॅसेंजर गाड्या चालतात, वेगवान आयसीई नाही. पण ते कॅलेंडरच्या महिन्यावर चालतं. १५ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर गेलात तर दोन महिन्यांचे १२६ युरो भरावे लागतील. शिवाय ते वर्गणीसारखं असतं. १० सप्टेंबरच्या आत रद्द केलं नाही तर ऑक्टोबरचे पैसेही कापले जातात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीकडून रद्द करून घ्या, महिनाअखेरपर्यंत ते चालतं.

व्हिसाचा अर्ज जुलैच्या सुरुवातीला करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज घेतात, निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण ४५ दिवसही लागू शकतात. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच ती घेऊन ठेवा. व्हिसा हातात येण्याआधी पक्कं तिकीट काढू नका, अर्जाला आरक्षण पुरतं. व्हिसा जुलैअखेर आला तर तिकिटाचे ७२,००० त्याच एफडीवर कर्ज घेऊन भरा. ८ टक्क्यांनी महिन्याभराचं व्याज पाचशे रुपयांच्या आत येतं, आणि बचत खातं अडीअडचणीला शाबूत राहतं.

इथे मैत्रिणीच्या मुलीशी एक गोष्ट मोकळेपणाने बोला. जर्मनीत यजमानाने सरकारी कचेरीत जाऊन पाहुण्याची हमी घेण्याची पद्धत आहे, त्या कागदाला फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात. फी २९ युरो. तो कागद सही करणारा माणूस पाहुण्याचं राहणं-खाणंच नव्हे, तर दवाखाना आणि परत पाठवण्याचा खर्चही अंगावर घेतो. आईसाठी मुलीने सही करावी, ते साहजिक आहे. तुमच्यासाठी मात्र फक्त निमंत्रणपत्र आणि "राहायला आमच्या घरी" एवढं द्यावं, आणि पैसे तुम्ही स्वतःचे दाखवावेत, असं माझं मत आहे. स्वखर्चाच्या पाहुण्यासाठी जर्मनी रोज साधारण ४५ युरो धरते. २८ दिवसांचे १,२६० युरो, म्हणजे १ लाख ३६ हजार. तुमची एफडी आणि बचत खातं त्याला भरपूर पुरतं. सोबत परत यायची कारणं दाखवणारे कागद लावा. पोस्टाचं पासबुक, घरपट्टीची पावती, गाळ्याचा भाडेकरार, मुलगा नाशिकला असेल तर त्याची माहिती. आयकर विवरणपत्र भरत नसाल तर या वर्षापासून भरा. अर्जाला ते उपयोगी पडतं, आणि परदेश प्रवासावर वर्षात २ लाखांहून जास्त खर्च झाला तर मिळकत कितीही कमी असली तरी ते भरणं बंधनकारक आहे. तुमचा खर्च नेमका त्या रेषेवर आहे.

नकार आला तर फी परत मिळत नाही. एकीला व्हिसा मिळाला आणि दुसरीला नाही, तर पहिलीने जायचं, हे आत्ताच ठरवून टाका. म्हणून विमान एकच असलं तरी तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर काढा, एकीचं रद्द करताना दुसरीच्या तिकिटाला धक्का लागत नाही. येताना तुम्ही एकट्या असणार, तेव्हा चार-पाच हजार जास्त पडले तरी मुंबई-फ्रँकफर्ट थेट विमान घ्या. गुडघे दुखतात म्हणालात, तर तिकिटासोबतच व्हीलचेअर मागा, ती मोफत असते.

विम्यात काटकसर नको. व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं, म्हणजे ३२ लाख रुपये. चार दिवस आयसीयूत आणि एक शस्त्रक्रिया झाली तर तेवढे कमी पडू शकतात. १ लाख डॉलरचं घ्या, हप्त्यातला फरक फार नसतो. तुम्हाला मधुमेह आणि रक्तदाब आहे, मैत्रिणीची अँजिओप्लास्टी झालेली आहे. दोघींनीही हे अर्जात स्पष्ट लिहा. लपवलेल्या आजाराचा दावा नाकारला जातो आणि बिल त्या मुलीच्या दारात जातं. पॉलिसीत "आधीपासूनच्या आजारातली जीवघेणी आणीबाणी" धरलेली आहे का आणि साठीनंतर रकमेवर उपमर्यादा आहे का, ही दोनच कलमं नीट वाचा. औषधं ४० दिवसांची न्या, चिठ्ठीवर औषधांची मूळ नावं लिहून घ्या आणि पिशवी हातातल्या सामानात ठेवा.

पैसे नेताना ६०० युरो फॉरेक्स कार्डावर (परकीय चलन आधीच भरलेलं कार्ड) आणि २५० रोख, त्यातही ५ आणि १० च्या नोटा जास्त. बेकरी, छोटी दुकानं, बाजार इथे अनेक ठिकाणी फक्त रोख किंवा तिकडच्या बँकेचं कार्ड चालतं, आपलं कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. मशीनने "रुपयांत की युरोत" विचारलं तर कायम युरो दाबा, रुपये दाबले की दुकानाच्या बँकेचा महागडा दर लागतो.

घरात राहणार आहात, त्याचा हिशेब पहिल्याच दिवशी सोपा करून घ्या. एक पाकीट ठेवा, दोघींनी दर सोमवारी त्यात ४० युरो टाकायचे. भाजी, दूध, बाहेरची कॉफी सगळं त्यातून. मैत्रीण पेन्शनवर आहे, तिचा हात तुमच्यापेक्षा सैल असणार आणि लेकीच्या घरी तो आणखी सैल होईल. महागड्या हॉटेलात जेवण ठरलं तर "मी आज घरी थांबते" असं म्हणायची मुभा तुम्हाला आहे, हे निघण्यापूर्वीच तिला सांगून ठेवा. परत आल्यावर कार्डावर उरलेले युरो लगेच रुपयांत करून घ्या, पडून राहिलेल्या कार्डावर काही बँका शुल्क कापत राहतात.