समुद्रकाठी दिसलेलं गोल दगडी बांधकाम कशाचं असेल?

खाडीच्या तोंडाशी बसकं दगडी बांधकाम, समोर बुटकी कमान, माथ्यावर गोल खड्डा, आसपास ना गाव ना रस्ता. आणि सोबतचे म्हणतात बुरूज. तुमच्या वर्णनावरून मला तरी ती चुन्याची भट्टी वाटते.

मीही एकदा असाच फसलोय. तोफेची जागा कुठे दिसते का म्हणून बराच वेळ चकरा मारल्या. शेवटी कमानीत वाकून पाहिलं, तर आतले दगड भाजून लाल झालेले, मधूनमधून काचेसारखी झिलई. बुरूज आतून कशाला भाजेल?

वरच्या खड्ड्यातून चुनखडी आणि कोळसा थरावर थर टाकायचे, खालच्या कमानीतून तयार चुना ओढून काढायचा. म्हणूनच अशा भट्ट्या बहुधा उताराला पाठ लावून बांधत. मागच्या चढावरून माल थेट माथ्यावर नेता येई. साधारण 900 अंश सेल्सिअसला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि 100 किलो शुद्ध चुनखडीचा 56 किलो कळीचा चुना उरतो.

आता गंमत बघा. वजन जवळजवळ निम्म्याने घटतं, तर खाणीपाशीच भाजून हलका चुना बोटीत भरणं शहाणपणाचं, नाही का? पण कळीच्या चुन्याला पाणी लागलं की तो इतका तापतो, की लाकडी जहाज पेटू शकतं. म्हणून ब्रिटनमधल्या वेल्सच्या किनाऱ्यावर लोक जड दगडच जहाजाने आणत, सोबत कोळसा, आणि चुना लागेल तिथेच भाजत. तिथल्या आम्लधर्मी शेतजमिनींना तो हवाच असे. सोल्वा बंदराकाठी अशा भट्ट्यांची रांग अजून उभी आहे. पुढे रेल्वे आणि रासायनिक खतं आली, तशा त्या विझत गेल्या.

तेव्हा भिंतींपेक्षा पायाखालची जमीन बघा. ओहोटीला भट्टीसमोर पांढरट-करडे, आसपासच्या कातळाशी न जुळणारे दगड सापडतात का? एखादा खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुनखडी. शिंपल्यावरही फेस येतो, तेवढं ध्यानात ठेवा (शिंपले भाजूनही चुना करतातच म्हणा). कोळशाचा चुरा किंवा खंगर (जळून घट्ट झालेले राखेचे गोळे) मिळाले, तर माझी खात्रीच पटेल. ब्रिटनच्या जुन्या सर्वेक्षण नकाशांवर तर या जागी सरळ 'लाइमकिल्न', म्हणजे चुन्याची भट्टी, असं छापलेलं असतं. तुमच्या भागाचा जुना नकाशा मिळतो का बघा.

उंच चिमणी आणि एकच भिंत बाकीच्यांपेक्षा जाड असती, तर मी खाणीचं इंजिनघर, म्हणजे वाफेचं इंजिन ठेवायची इमारत, म्हटलं असतं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कड्यांवर ती दिसतात. तुमच्या वर्णनात तसं काही नाही.

फोटोसाठी माथ्यावर मात्र चढू नका. खड्ड्याचं तोंड गवताने झाकलेलं असतं आणि काठाचे दगड सुटलेले असतात.