तू विचारलंस त्या टाळ्यांबद्दल

प्रिय सोनू,

शनिवारी तुझ्या मित्राच्या वाढदिवसाहून आपण केक कापल्या कापल्या निघालो. त्याच्या वडिलांनी गॅरेजच्या भिंतीवर लावलेल्या रायफली दाखवल्या, एक तुझ्या हातात दिली, आणि म्हणाले, कुणी रात्री आत शिरलाच तर मला आनंदच होईल. त्यानंतर मला तिथे थांबवेना. गाडीत तू विचारलंस, "बाबा, शिवजयंतीला मी अफजलखानाचा कोथळा काढला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या तूच वाजवल्यास. दसऱ्याला आपण शस्त्रांची पूजासुद्धा करतो. मग त्यांचं काय चुकलं?" मी "घरी सांगतो" म्हटलं आणि तीन दिवस टाळलं.

पूजेचं सोपं आहे. आमच्याकडे तलवार कधीच नव्हती. खंडेनवमीला आजोबांचे पाने-पक्कड, आजीची विळी आणि कोयता पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा. त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. ज्यांच्या घरी तलवार असेल, तिचीही पूजा त्या दिवशी अशीच व्हायची.

टाळ्यांचं मात्र अवघड आहे.

१० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडलं ते योग्यच होतं, असं मी आजही मानतो. विजापूरहून एवढी फौज घेऊन आलेला सरदार भेटीला येतो, तेव्हा महाराजांनी चिलखत घालून जायचं नाही तर काय करायचं? पण तुमच्या नाटुकल्यात खान पडला आणि पडदा पडला. खरी गोष्ट तिथे संपत नाही. महाराजांनी खानाचं रीतसर दफन करवलं. त्याची कबर गडाखाली आहे. मी तुझ्याएवढा असताना शाळेच्या सहलीत ती पाहिली होती आणि गुरुजींना विचारलं होतं, शत्रूची कबर कशाला? ते म्हणाले, "मेला म्हणजे वैर संपलं." ते वाक्य मी इतकी वर्षं जपून ठेवलंय, आणि तुला सांगायचं मात्र राहूनच गेलं.

अजून एक सांगतो, कारण सगळ्याच गोष्टी प्रतापगडासारख्या स्वच्छ नसतात. १८९७मध्ये पुण्यात प्लेग होता. रँड या अधिकाऱ्याचे सैनिक रोगी शोधायला घराघरांत घुसत, देवघरं विटाळत, बायकांची अब्रू ठेवत नसत. २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याच्या समारंभाहून परतताना, चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याला गोळी घातली. त्या रात्री आयर्स्ट नावाचा दुसरा अधिकारीही मेला. त्या तिन्ही भावांना फाशी झाली. त्यांच्या धैर्यापुढे माझी मान झुकते, पण आयर्स्टचं नाव आमच्या घरात कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. मी घेतो, तूही लक्षात ठेव.

तुझ्या मित्राच्या वडिलांना घर राखायचा हक्क आहे; टेक्सासचा कायदाही तो देतो. मला सलला तो "आनंद". अजून कुणी आलेला नाही, काही घडलेलं नाही, आणि मारायची वाट आधीच पाहिली जातेय. युवाल्डी आपल्या घरापासून दीड तासावर आहे. २४ मे २०२२ला तिथल्या शाळेत झालेल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या आठवड्यात तुला शाळेच्या दारात सोडून मी गाडीतच बसून राहायचो. म्हणून कुणी मौजेखातर तुझ्या हातात रायफल दिली की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि हो, माझंही चुकलं. खानाचं काम करणारा मुलगा कळवळून खाली पडला तेव्हा सभागृह हसलं होतं. मीही हसलो.

मंडळात मी काल सुचवलंय की पुढच्या शिवजयंतीला शेवटी दफनाचा प्रसंग घालावा. महाराज तूच आहेस, तेव्हा तो प्रसंग तुझ्यावरच येईल. तिथे काय बोलायचं ते आपण रविवारी बसून लिहू या.

तुझा,
बाबा